सगळ्यांत स्वच्छ हातमोजे

१

शुक्रवारी सकाळी वासितीचे डोळे उघडलेच नाहीत.

मी तिच्या खाटेपाशी गेले तेव्हा ती उठून बसली होती. पापण्या सुजून गच्च मिटल्या होत्या. दोन्ही हात तिने मांडीवर उताणे ठेवले होते, दुसऱ्या कोणाचे तरी आणून ठेवावेत तसे. बोटांच्या टोकांपासून कोपराच्या खाली चार बोटांपर्यंत नुसते फोड. काही फुटून पाणी झिरपत होतं.

"नाऊ, खिडकी उघडा ना," ती म्हणाली. "अजून उजाडलं नाही का?"

खिडकी उघडीच होती. ऊन तिच्या उशीवर आलं होतं.

नाऊ म्हणजे आई. वयाने मोठी आणि आमच्या पाद्रीबाबांची विधवा म्हणून सगळे मला तशीच हाक मारतात. फिजीतल्या एकाच गावची आम्ही वीस माणसं कॅथरीनजवळच्या या ऑस्ट्रेलियातल्या आंब्याच्या बागेत हंगामापुरती आलो होतो. पुरुष बागेत आणि यंत्रांवर, बायका पॅकिंग शेडमध्ये, आणि मी सगळ्यांच्या जेवणाला.

वासितीचं काम देठ मोडायचं. आंब्याचा देठ मोडला की तिथून चिकाची पिचकारी उडते आणि तो पहिला चीक कातडीवर पडला तर उततो. म्हणून पूर्ण बाह्या, आधी मलमाचा थर, त्यावर कोपराजवळ येणारे रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. वासितीने यांतलं एकही कधी चुकवलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा मलम पुन्हा लावणारी ती एकटीच.

नर्सबाई येऊन तिला बागेच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. शेडचा मुकादम डॅरिल तडक हातमोज्यांच्या खुंट्यांकडे गेला. तिचे हातमोजे उलटसुलट करून पाहिले. कुठे भोक नाही, चीर नाही. मग त्याने सगळ्यांदेखत उनाइसीला बोलावलं आणि सांगितलं की तिने सामान बांधावं. सोमवारच्या बसने ती विमानतळावर, तिथून परत फिजीला.

२

उनाइसी ही वासितीची आतेबहीण. आमच्यात मामे-आते भावंडांचं नातंच थट्टेचं. एकमेकांना काहीही बोलावं, कोणी रागवायचं नाही. उलट गप्प बसलं तर माणसं विचारतात, भांडण झालं का म्हणून. गावात या दोघी समोरासमोर आल्या की म्हाताऱ्यासुद्धा ऐकायला थांबायच्या.

दहा दिवसांपूर्वी जेवणाच्या वेळी वासितीला सरकत्या पट्ट्याच्या पहिल्या जागेवर नेमलं, जिथे सगळ्यांत जास्त आंबे हाताखालून जातात. उनाइसी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मिरव मिरव, राणीसाहेब. एक दिवस तुझ्या हातमोज्यांत चीक भरून ठेवते, मग बघू कोण तुझ्याशी लग्न करतं." वासितीने उत्तर दिलं की तुझं तोंड बघून आंबेसुद्धा आपणहून देठ सोडतात, तुला हातमोजे हवेतच कशाला. आम्ही पोट धरून हसलो.

डॅरिल शेजारच्या बाकावर पाव खात होता. तो हसला नव्हता.

शिवाय बागेच्या पाण्याच्या पंपावरच्या माणसाने त्याला सांगितलं होतं की गेल्या आठवड्यात दोनतीनदा, दिवस मावळताना, वासितीच्या खुंटीपाशी कोणीतरी उभं दिसलं. पाठमोरं, कमरेला लुंगीसारखं सुलू गुंडाळलेलं. आता सुलू आमच्या बायकाही गुंडाळतात आणि पुरुषही. पण डॅरिलच्या मनात नाव आधीच ठरलेलं होतं.

मी त्याला समजावू पाहिलं. तो वाईट माणूस नाही. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, थट्टा असेल तर असो, पण एका मुलीचे डोळे गेले असते. बोलली ही आणि झालंही तसंच. खात्रीचं काही असेल तर सोमवारच्या आत आणा.

उनाइसी माझ्या चुलीपाशी येऊन बसली. रडली नाही. तिची आई चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते, सख्ख्या भावाच्या मुलीवर तिचा जीव. बस मधल्या रस्त्यात असतानाच गावात कळलं असतं की उनाइसीने वासितीला आंधळं करायला पाहिलं. मग ती कोणत्या बाकावर बसणार?

"नाऊ," ती म्हणाली, "ती तरी मानते का हे?"

तेच विचारायला मी दवाखान्यात निघाले होते. जाताना सहज म्हणून खुंट्यांकडे वळले, आणि तिथेच थांबले.

३

अठरा हातमोजे ओळीने टांगलेले होते, प्रत्येक जोडीवर नाव. चिकाचा एक स्वभाव आहे. रबरावर पडला की काळा पडतो, आणि साबणाने कितीही घासा, डाग राहतोच. म्हणून सगळ्यांचे हातमोजे बोटांशी काळे झाले होते.

वासितीचे मात्र नव्यासारखे पिवळेधमक. सगळ्यांत जास्त चीक जिच्या हातांवर उडायचा, तिचेच सगळ्यांत स्वच्छ.

मी ते कुशीत लपवून घेतले आणि दवाखान्यात गेले. वासिती पट्ट्या बांधलेले हात उशीवर ठेवून पडली होती. मी विचारायच्या आधी तीच बोलली, की उनाइसीला म्हणावं वेडपटपणा करू नकोस, मला माहीत आहे. तिने केलं असतं तर आधी चार जणींना सांगून केलं असतं. एवढ्या दुखण्यातही तिला हसू आलं, आणि गाल ताणला म्हणून ती कळवळली.

मी विचारलं, हातमोजे कशाने धुतेस गं?

ती गोंधळली. "तुम्हीच धुता ना, नाऊ?"

मी हातातल्या हातमोज्यांकडे पाहिलं.

"आठ दिवस झाले. संध्याकाळी डागाळलेले टांगते, सकाळी लख्ख असतात. मला वाटलं, तुमच्याशिवाय कोण करणार. रोज मनातल्या मनात तुमचे आभार मानत होते."

मी त्यांना एकदाही हात लावला नव्हता.

४

नर्सबाईंना मी एकच गोष्ट विचारली: आत चीक ओतला असता तर असंच झालं असतं का?

त्यांनी मान हलवली. त्यांनाही ते खटकलं होतं. आत ओतला असता तर पहिल्याच तासाला आग झाली असती, आणि हातमोज्याच्या आतल्या अंगाला काळा डाग पडला असता. तसा नाही. हे हळूहळू, रोज थोडं थोडं चढत गेलं. हातांनी चेहरा पुसला तसं डोळ्यांतही गेलं. आणि आणखी एक. दंडावर, जिथे नुसतं मलम आणि कापडी बाही होती, तिथे कातडी निरोगी होती. फोड होते ते बरोबर हातमोजा जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत.

म्हणजे रबरानेच दगा दिला होता.

मी उनाइसीचे हातमोजे आणले. एकाच मापाचे, एकाच दिवशी मिळालेले. वासितीचे शेजारी ठेवले तर दोन बोटं लांब भरले. टोकं दाबली की एकमेकांना चिकटत होती, उन्हात ठेवलेल्या चिक्कीसारखी. दोन्ही जोड्यांच्या बोटांत नर्सबाईंनी पांढरा कापूस भरला. मी झाडाचे दोन आंबे आणून दोन्हींवर देठ मोडले. मग आम्ही बसून राहिलो. त्या नोंदी करत होत्या, मी मनात स्तोत्र म्हणत होते.

दीडेक तासाने कापूस काढला. उनाइसीच्या हातमोज्यातला पांढराशुभ्र. वासितीच्या हातमोज्यातला तपकिरी.

"कशात तरी भिजवलेत हे," नर्सबाई म्हणाल्या. मी हातमोजा नाकाशी नेला. चिकाचा आंबूस वास, आणि त्याखाली अगदी पुसट दुसरा. गावी दिवाबत्तीच्या वेळी घराघरात असतो तो.

रॉकेल.

निघताना नर्सबाई आणखी एक बोलल्या. एवढं उतणं म्हणजे या मुलीच्या अंगाला असल्या झाडाची आधीच ओळख असावी. एकदा ओळख झाली की अंग विसरत नाही, दुसऱ्या खेपेला थोडक्यातच पेटतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून त्यांनी मुद्दाम विचारलं होतं, कोणाला कधी झाडाचा चीक उतला आहे का. खोलीत एकही हात वर झाला नव्हता.

बागेत रॉकेल एकाच ठिकाणी असतं, तोडणीच्या यंत्राच्या साखळ्या साफ करायला. मी बोटांवर हिशोब केला. दिवस मावळताना आम्ही सगळे संध्याकाळच्या प्रार्थनेला असतो. उनाइसी माझ्या उजव्या हाताला बसते, एकही दिवस चुकलेली नाही. आठ दिवसांत एकच माणूस प्रार्थनेला आला नव्हता, आणि त्याला कोणी कारण विचारलं नव्हतं. कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं, निदान तसं वाटत होतं.

साखळ्यांचं काम त्याच्याकडेच होतं.

५

तानिएला वासितीचा चुलतभाऊ. दोघांचे वडील सख्खे भाऊ. आमच्याकडे चुलत म्हणजे सख्खाच, आणि सख्खे बहीणभाऊ वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत. एका चटईवर बसत नाहीत, एकमेकांच्या अंगाविषयी तर दुसऱ्याजवळही शब्द काढत नाहीत. परक्यांना तो दुरावा वाटतो. आमच्यात तो मान आहे. बहीण जेवढी जवळची तेवढं अंतर जास्त. आमची प्रार्थनेची खोली एवढीशी, म्हणून तानिएला बाहेर राहतो असंच सगळे धरून चालले होते.

तो यंत्राच्या सावलीत साखळी पुसत होता. मला पाहून उठला. मी म्हटलं, हात दाखव.

त्याने दाखवले. तळवे पांढरेफटक पडले होते, बोटांच्या पेरांवर चिरा. मी हातमोजे पुढे धरले तसा तो खाली बसला. मीही शेजारी बसले.

"डोळे उघडले का तिचे?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, उद्यापरवा उघडतील.

"ती चार वर्षांची होती," तो म्हणाला. "मी सातचा. तेव्हा बोलायचो आम्ही. लपाछपी खेळत होतो. मीच तिला सांगितलं, त्या झाडाखाली लप, तिथे कोणी शोधत नाही. कौकारो होतं ते."

कौकारो म्हणजे आंब्याच्याच कुळातलं झाड, बिब्ब्याचा भाऊबंद. आमच्याकडे मोठी माणसंही त्याच्या सावलीला उभी राहत नाहीत.

"महिनाभर तिचं तोंड ओळखू येत नव्हतं. तिला आठवत नाही. मला आठवतं. नर्सबाईंनी विचारलं तेव्हा उठायला हवं होतं मी. पण ती समोर बसलेली. सगळे पुरुष बसलेले. बहिणीच्या कातडीबद्दल मी काय बोलू तिथे, नाऊ? मग तिला पहिल्या जागेवर नेमल्यावर दोनच दिवसांत तिच्या मनगटावर लाल चट्टा दिसला. लांबूनच."

तेव्हापासून तो रोज सगळे प्रार्थनेला बसले की खुंटीपाशी जायचा. निदान हातमोज्यांवर चीक राहू नये एवढंच त्याच्या मनात. गावी होडीच्या फटींत नीरफणसाचा चीक भरतात. तो हाताला लागला की साबणाने निघत नाही, रॉकेलनेच निघतो, हे आमच्या प्रत्येक माणसाला माहीत असतं. रबर रॉकेल पितं, फुगतं, आणि मग त्याची चाळणी होते, हे कोणालाच माहीत नव्हतं. जितका चट्टा वाढला तितका वेळ तो भिजवत गेला. शेवटचे दोन दिवस तर त्याने हातमोजे आतूनबाहेरून भिजवले.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. "असे निरोप पोचवायला मी आहे ना."

त्याने साखळीचं फडकं खाली ठेवलं.

"आलो होतो. दोनदा, पहाटे. संध्याकाळी तुमच्याभोवती सगळ्या बायका असतात, त्यांत ती. म्हणून पहाटे आलो. तुमचा नेम चालला होता. तुम्ही हाताने थांब म्हणालात. तेवढ्यात बागेची गाडी आली."

पाद्रीबाबा गेल्यापासून पहाटेची प्रार्थना पुरी होईपर्यंत मी कोणाशी शब्द बोलत नाही. अकरा वर्षांत मोडलेलं नाही. मला आठवलं. दाराशी तो टोपी हातात धरून उभा होता, दोन्ही खेपेला. विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही, आणि त्याचं मला बरंच वाटलं होतं, की मोह झाला तरी देवाला दिलेला शब्द मी राखला.

मी त्याच्या चिरलेल्या हातांवर हात ठेवला. त्याला दोष देण्याइतकी जागा माझ्याजवळ नव्हती.

"आता चल," मी म्हटलं. "उनाइसीचं सामान बांधून ठेवलंय तिकडे."

६

डॅरिलने कापसाचे दोन्ही बोळे टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिले. नर्सबाईंनी सगळं समजावून सांगितलं. तानिएला म्हणाला, मला पाठवा. डॅरिल म्हणाला, कशाबद्दल पाठवू? मग तो उनाइसीकडे गेला, टोपी काढली आणि म्हणाला की मी चुकलो. उनाइसीने त्याला सांगितलं की आमच्या गावी या, तुम्हालाही एखादी मामेबहीण शोधून देते, ती तुम्हाला थट्टा शिकवेल. तो पुरतं समजला नाही, पण या वेळी हसला.

बसमधली जागा मात्र रिकामी राहिली नाही. कॅथरीनच्या डॉक्टरांनी वासितीला तपासून सांगितलं की कातडी भरून येईल, डोळ्यांना धोका नाही, पण आंब्याला तिने यापुढे हात लावायचा नाही. या हंगामात नाही, कधीच नाही. मलम लावून नाही, हातमोजे घालून नाही. सोमवारी तीच घरी निघाली.

सगळी हकिकत मी तिला स्वतः सांगितली. माझाही भाग सांगितला. मग तिने एवढंच विचारलं, की त्याचे हात फार चिरलेत का.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, प्रार्थना आटोपल्यावर, तानिएला बागेतल्या आम्हा बायकांच्या घराशी आला. वर चढला नाही. पायरीखाली उघड्या जमिनीवर, घराकडे पाठ करून, मान खाली घालून बसला. त्याने यांगोनाच्या, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाच्या, मुळ्यांची जुडी माझ्याजवळ दिली. आमच्यात माफी अशीच मागतात. गावी असतो तर देवमाशाचा दात आणला असता आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो स्वीकारला असता. इथे देणाऱ्याच्या वतीने बोलायला मीच होते.

मी जुडी वासितीसमोर चटईवर ठेवली आणि त्याच्या तोंडचे शब्द म्हटले. झाडाखाली लपायला सांगितलं त्याबद्दल. उठून बोललो नाही त्याबद्दल. न विचारता हातमोज्यांना हात लावला त्याबद्दल. खाली तो हलला नाही.

स्वीकारलं, हे शब्दांनी सांगत नाहीत. जुडीला हात लावायचा आणि ओंजळीसारखे तळवे करून टाळ्या वाजवायच्या, खोल आवाजाच्या, अंगणापर्यंत ऐकू जाणाऱ्या. माफी मागणारा तोपर्यंत मान वर करत नाही.

वासितीने बांधलेला हात जुडीवर टेकवला. मग दोन्ही हात समोर आणून टाळी वाजवली. पट्ट्यांवर पट्ट्या. काही आवाज झाला नाही. तिने जोर लावला. वेदनेने ओठ चावला, पुन्हा वाजवली. कापसावर कापूस पडावा तसं.

खाली तानिएला तसाच बसलेला. त्याला काय ऐकू येणार? त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी बोलायला तोंड उघडलं, पण ते मी सांगून चालणार नव्हतं. ते तिच्याकडूनच जायला हवं होतं.

उनाइसी कोपऱ्यातून उठली. वासितीच्या पाठीशी येऊन गुडघ्यांवर बसली, दोन्ही बाजूंनी हात पुढे घातले. लांबून पाहिलं असतं तर ते वासितीचेच वाटले असते.

"आता टाळ्यासुद्धा मीच वाजवू का तुझ्या, आळशी बाई," ती तिच्या कानाशी म्हणाली.

वासितीने डोळे मिटून मान डोलावली.

उनाइसीने तळव्यांची ओंजळ केली आणि तीनदा टाळी वाजवली.